मेर्कलिंगनला गाडी थांबते

शाळेच्या ग्रुपवर परवा पुणे-नाशिक रेल्वेवरून एकाने लिहिलं, "पुणे आणि नाशिकच जोडायचंय ना? मग शिर्डीवरून गेली तर बिघडलं कुठं? मधल्या गावांना एसटी आहे की." लिहिणारा बाणेरला राहतो, दारात दोन गाड्या. इथे जर्मनीत, स्टुटगार्टला रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझी झोप उडाली.

महारेल या रेल्वे उभारणाऱ्या सरकारी कंपनीने आखलेला मार्ग सुमारे २३५ किलोमीटरचा होता. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. वेग ताशी २००. वाटेत खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकतात, आणि विजेच्या गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा सांगाडा, तारेला घासला की ठिणगीसरशी रेडिओलहरींचा गोंगाट उठतो. म्हणून सरळ मार्ग बाद, आता अहिल्यानगर-शिर्डीमार्गे. दुर्बिणीशी माझं भांडण नाही. ती मोलाची आहे, शाळेच्या सहलीत तोंडाचा आ करून पाहिलीय. पण तिला वळसा घालून पुन्हा संगमनेर गाठता येईल का, यावर डोकं खपवायचं सोडून 'मधली गावं' म्हणून हात झटकायचे?

इथे वेंडलिंगन-उल्म हा नवा मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. साठेक किलोमीटर, जवळजवळ निम्मा बोगद्यांतून. वर पठारावर मेर्कलिंगन नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव आहे. मूळ आराखड्यात तिथे स्टेशन नव्हतं. आसपासच्या गावांनी मिळून १.३ कोटी युरो पदरचे घातले आणि स्टेशन मिळवलं. गेल्या शनिवारी मी मुद्दाम तिथे उतरलो. फलाटावर मोजून अकरा माणसं. एका आजींच्या ढकलगाडीत कुंड्यांच्या मातीचं पोतं. त्या अकरांसाठी प्रादेशिक गाडी थांबली, आणि पुढे निघाली ती आयसीई या अतिवेगवान गाड्यांच्याच रुळांवरून. दोन हजारांच्या गावाला जमतं, तर संगमनेर काय पाप करून बसलंय?

हे सगळं मी ग्रुपवर ऐटीत टाकलं. बाणेरकराने एवढंच विचारलं, "आणि तुमच्या शहरातलं स्टेशन झालं का रे?"

नाही झालं. स्टुटगार्टच्या नव्या मुख्य स्टेशनाचं काम २०१० साली सुरू झालं, २०१९ला उघडायचं होतं. खर्च साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या पुढे गेला. मध्ये संरक्षित सरड्यांचं स्थलांतर झालं. मी रोज पत्र्यांच्या आडोशातून लांबचा वळसा घालून फलाट गाठतो. पण मी लगेच लिहिलं, "इथे २०११ साली या स्टेशनावर राज्यभर मतदान तरी घेतलं!" त्या मतदानाआधी पाणी मारून आंदोलकांना हुसकावलं होतं, ते काही लिहिलं नाही. आणि मत म्हणाल तर मला इथे नाही. संगमनेरच्या यादीत नाव आहे, पण मतदानाच्या दिवशी मी तिथे नसतो.

रविवारी धाकट्या भावाला फोन केला. आमच्या डाळिंबाच्या बांधावर मोजणीवाल्यांनी रेल्वेसाठी दगड रोवला होता. विचारलं, "आहे का रे अजून?" "आहे की. शेळी बांधतो त्याला."

मग मी बराच वेळ मेर्कलिंगन सांगत राहिलो. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तुला काय करायचं दादा रेल्वेचं? तू तर मुंबईला उतरून टॅक्सीनं येतो."

खरं आहे. गेल्या खेपेला तर बारा दिवस पुण्यात काढले आणि संगमनेरला एक रात्र.