फावडं मित्राने आणावं

स्लेड घेतलीत, अभिनंदन! बर्फावर पळणाऱ्या या गाडीला स्नोमोबाईल म्हणू नका. इकडे कॅनडात डोंगरात जाणारे सगळे स्लेडच म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी शब्द चुकला की ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिनही तुमची लाज राखू शकत नाही. १६५ इंची ट्रॅक म्हणजे खालचा रबरी पट्टा, दोनशे किलोच्या वर वजन, घराच्या हप्त्याला सोबत म्हणून आणखी एक हप्ता. कॅल्गरीहून रेव्हलस्टोक चारशे किलोमीटर, ट्रकमागे ट्रेलर. आता अंगावर काय घालायचं, एवढाच प्रश्न उरला.

त्यात लोक उगाच डोकं घालतात. कुणी हेल्मेटच्या आतलं लेबल वाचत बसतं, कुणी दुकानातल्या पोराला तासभर पिडतं. तुम्ही स्लेडचा फोटो मोबाईलवर उघडा आणि साडीला ब्लाऊजपीस लावून बघतात तसा एकेका जाकिटाला लावून बघा. जुळलं की घ्या. माझं मत विचाराल तर पांढरा मोनोसूट, म्हणजे गळ्यापासून पायापर्यंत एकसंध पोशाख, सर्वांत देखणा. बर्फात तो इतका बेमालूम मिसळतो की मागून भरधाव येणाऱ्याच्या नजरेत तुम्ही अजिबात खुपत नाही. वरून शोधायला आलेल्या हेलिकॉप्टरच्याही नाही.

हेल्मेट तर घरात आहेच. ठाण्याहून येताना बाईकचं आणलेलं, पुढची काच खाली ओढायची. डोंगरातले जुने लोक मोटोक्रॉसच्या घडणीचं उघडं हेल्मेट आणि वेगळा गॉगल वापरतात, कारण इथे माणूस स्लेडवर बसून नसतो. उभा राहून ती एका कडेवर कलती करून चालवत असतो, नाहीतर कमरेएवढ्या पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत बर्फात, रुतलेली स्लेड उपसत असतो, आणि धापा टाकत असतो. बंद काचेत त्या धापेचं पाच मिनिटांत धुकं होतं. पण धुक्याचा फायदा कुणी सांगत नाही: पुढचं झाड दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची भीती वाटत नाही. गॉगल घेतलाच, तर तो आतून धुकटला की हातमोज्याने खसाखसा पुसा. आतला धुकेरोधक थर निघून जाईल, मग पुन्हा पुसायचा मोहच उरणार नाही. आणि हेल्मेट एकदा जोरात आपटलं म्हणून टाकून देऊ नका. बाहेरून कुठे काय झालंय? आतला फोम दबलाय तो कुणाला दिसतोय?

आता कपडे. इथे आपल्या संस्काराचा प्रश्न येतो. सुती कपडा घाम शोषून घेतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रेव्हलस्टोकलाही तो घाम शोषतो. सोडत नाही, एवढाच फरक. सकाळी अकराला रुतलेली स्लेड काढताना बनियन पिळण्याइतकं भिजतं, आणि साडेअकराला तुम्ही उणे वीस अंशांत ताशी पन्नास किलोमीटरने निघता; त्या वाऱ्यात कातडीला ती थंडी उणे पस्तिसाची लागते. शहाणे लोक आत मेरिनो लोकर, मध्ये पातळ फ्लीस आणि वर वारा-पाणी अडवणारं, पण आत कापूस-पिसं काही न भरलेलं कवच घालतात. गरम वाटलं की मधला थर काढतात, थांबले की घालतात. एवढी काढघाल कोण करणार? तुम्ही बसस्टॉपवर घालता तेच फुगीर जाकीट चढवा. पहिल्या तासात घामाघूम व्हाल, पण थंडी वाजली नाही असं घरी सांगता येईल. पहिल्या तासापुरतं ते खरंच असेल.

बूट, गुडघ्याचे पॅड वगैरे गोष्टींवर मी वेळ घालवत नाही. गुलमर्गला भाड्याचा कोट आणि दोन नंबर मोठे गमबूट घालून स्नोमोबाईलवर ड्रायव्हरच्या मागे बसून तुम्ही फोटो काढलेलाच आहे, म्हणजे अनुभव दांडगा आहे. चेस्ट प्रोटेक्टर मात्र फोटोत चांगलं दिसतं, म्हणून घ्या. हिमस्खलनात जीव गमावणाऱ्यांपैकी साधारण चौघांत एक गुदमरून जातच नाही, झाडाखडकावर आपटूनच जातो, हे त्या प्रोटेक्टरचं कारण आहे. पण ते दुकानात सांगू नका, वातावरण बिघडतं.

आता मुख्य खरेदी: एअरबॅग. हजार-दीड हजार डॉलरची पाठपिशवी. खांद्यावरच्या पट्ट्याला हँडल असतं, ते ओढलं की दीडशे लिटरचा फुगा डोक्यामागे उघडतो. लोकांना वाटतं, फुगा आहे म्हणजे पाण्यावर तरंगतो तसा बर्फावर तरंगत असणार. तसं नाही. चिवड्याचा डबा हलवा. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात, मीठमसाला तळाला जातो. वाहत्या बर्फातही मोठं ढेकूळ वर राहतं आणि बारीक खाली जातं. फुगा तुम्हाला मसाल्याचा शेंगदाणा करतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठ्या हिमस्खलनात सापडलेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण फुगा उघडल्यामुळे २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. त्याच अभ्यासात पाचांतला एक फुगा उघडलाच नव्हता, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा बिघाड पिशवीत नव्हता. माणसाने हँडलच ओढलं नव्हतं.

म्हणून हँडल चेनच्या आत नीट घडी करून ठेवा, फोटोत लोंबताना दिसत नाही. ते उजव्या हातानेच ओढावं लागेल असं असू द्या. उजवा अंगठा थ्रॉटलवर असतो, आणि वेळ आली की आधी अंगठा सोडायचा की आधी हँडल धरायचं यावर विचार करायला तुम्हाला एक-दोन सेकंद निवांत मिळतात. घरी एकदा ओढून बघायचं म्हटलं तर सिलिंडर पुन्हा भरून आणायला लागतो, म्हणजे पैसे. नकोच ते.

पिशवीला एक पट्टा दोन पायांमधून जाणारा असतो. तो लावला नाही तर फुगा उघडून वर राहतो आणि तुम्ही पिशवीतून खाली निसटता. पण लावला की मोनोसूटवर साक्षात काष्टा घातल्यासारखं दिसतं. मागच्या जानेवारीत पार्किंगमध्ये आमच्या एका मित्राने तो लावला. दाढीवर बर्फाचे कण, उणे अठरा अंश, एक हात ट्रेलरला टेकवलेला, आणि दुसऱ्या हाताने दोन पायांमधून तो पट्टा शोधतोय. बाकीचे तिघे असे हसलो की त्याने मुकाट्याने काढून टाकला. मीही हसलो होतो. मीही लावला नव्हता.

बीकन, प्रोब आणि फावडं या तीन गोष्टींवरून लोक फार कटकट करतात. बीकन म्हणजे अंगावर बाळगायचं रेडिओ यंत्र; ते ४५७ किलोहर्ट्झवर टिकटिक पाठवतं, आणि गाडलेल्याची टिकटिक दुसऱ्याच्या बीकनला ऐकू येते; प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची सळई, आणि फावडं म्हणजे फावडं. जरा डोकं चालवा. बीकन सोडलं तर यातली एक तरी वस्तू तुमच्या कामाची आहे का? तुम्ही गाडले गेलात तर तुमच्या फावड्याने तुम्ही स्वतःला उकरून काढणार आहात? ते फावडं मित्राच्या कामाचं. तुमच्या कामाचं फावडं मित्राच्या पाठीवर. तेव्हा चांगलं, धातूचं, लांब दांड्याचं फावडं मित्राने आणावं. तुम्ही प्लास्टिकचं, मुलांच्या खेळातलं घेतलं तरी चालेल. मित्रही हुशार आहे. तोही नेमका हाच हिशोब करून आलेला असतो.

बीकन मोबाईलसोबत छातीच्या एकाच खिशात ठेवा, सापडायला सोपं. बीकन आणि मोबाईल यांच्यात पाठवताना वीस आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर अंतर ठेवा, असं शिकवतात. फोन, कॅमेरा, बॅटरीवर तापणारे हातमोजे, सगळे त्याच्या कानात बडबडत असतात म्हणे. सेल दिवाळीच्या दिव्यांच्या माळेतून उरलेले टाका. प्रोब आणि फावडं पाठीवर वाहू नका, स्लेडच्या मागच्या पिशवीत ठेवा, कंबर दुखत नाही. हिमस्खलन झालं की स्लेड एकीकडे गाडली जाते, तुम्ही दुसरीकडे उभे राहता आणि मित्र तिसरीकडे असतो. हात मात्र मोकळे.

गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर दहातले तीन उरले तरी खूप. कोसळताना मैद्यासारखा असलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो. मीटरभर खालचा माणूस काढायला टनभर तरी उपसावा लागतो, आणि सगळा वेळ तिथेच जातो. बीकनने जागा सापडते दोन-चार मिनिटांत. पुढचं सगळं फावड्यावर. प्लास्टिकचं पातं तिसऱ्या घावाला तडकतं. २८ डिसेंबर २००८ ला ब्रिटिश कोलंबियात फर्नीजवळ सात स्लेडवाले गाडले गेले. जवळच असलेले चौघे त्यांना उकरायला धावले, आणि दुसरं हिमस्खलन त्या चौघांवरही आलं. अकरांतले तिघे परत आले.

असो. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र घ्याच. एसओएसचं बटण दाबलं की कुणीतरी येतं. हवा चांगली असेल तर काही तासांत. मघाची दहा-पंधरा मिनिटं आणि हे काही तास, यांची बेरीज करत बसू नका. तुमची ही स्लेड मुळात त्यासाठीच जन्माला आली, हेही ध्यानात ठेवा. क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मान बॉम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि हॉस्पिटल गाठता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या मागे तो लागलेलाच होता. त्यातूनच पुढे १९५९ ची स्की-डू ही स्लेड आली. माणसांना हॉस्पिटलपर्यंत नेणारं वाहन. आपण तेच घेऊन हॉस्पिटलपासून जमेल तितकं लांब जातो, वर चढून.

काही गोष्टी मात्र खरेदी करता येत नाहीत, त्यांचा नाद सोडा. पहिल्या पातळीचा हिमस्खलन कोर्स दोन दिवसांचा असतो. शनिवार-रविवार वाया, आणि मॅचिंग रंगात मिळतही नाही. ॲव्हलांच कॅनडाचा हिमस्खलन अंदाज हिवाळाभर फुकट मिळतो, आणि फुकट आहे म्हणजे त्यात काय दम असणार? त्यात धोका एक ते पाच अशा आकड्यांत देतात. तीन आला तर बिनधास्त निघा: पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास. माणसांचे जीव सर्वांत जास्त तीन आणि चारलाच जातात, पण तो त्यांचा प्रश्न. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत जास्त सुटतात, आणि नेमके तेच चढायला सर्वांत मजा येते. निसर्गाने ही सोय जाणूनबुजून केलेली दिसते. मित्र वर जाऊन अडकला की लगेच त्याच उतारावर दुसरी स्लेड घेऊन मदतीला जा, मैत्री असते कशाला? बाकीच्यांनी खाली ओळीने स्लेड लावून व्हिडिओ घ्यावा. १३ मार्च २०१० ला रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर कोण सर्वांत वर चढतो हे बघायला असेच सुमारे दोनशे लोक जमले होते. उतार सुटला. दोघे गेले, तीसेक जखमी झाले. व्हिडिओ कुणीतरी घेतच होतं.

पार्किंगमधून ट्रेलला लागताना एक खांब असतो. जवळून गेलात की तुमचं बीकन चालू आहे का ते सांगतो: हिरवा गोल, नाहीतर लाल फुली. आमच्या चौघांपैकी एकाला फुली आली, आणि मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. त्याने हात वर करून ‘खांब बिघडलाय’ अशी खूण केली आणि स्लेड जरा बाजूने काढली. शिकण्यासारखं आहे.

एप्रिल उजाडला की सगळं सामान विकायला काढा, पुढच्या मोसमात रंग बदलतात. जाहिरात अशी करा: एअरबॅग, कधीही न उघडलेली, पायातला पट्टा कोरा. बीकन, सेलसकट. प्रोब, मूळ पिशवीत, घडीही न मोडलेली. फावडं मात्र विकू नका. नोव्हेंबरात घरापुढचा बर्फ काढायला बरं पडतं.