बटण लावून मोकळे व्हा

तुम्ही नव्याने ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर माणसाला कपडे घालणं, आंघोळ अशी रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारे, झाला असाल, तर सगळ्यात आधी एक करा. हात पुढे घ्या आणि समोरच्या माणसाच्या शर्टाचं बटण लावून टाका.

कॉलेजात याच्या बरोबर उलट शिकवलं, ठाऊक आहे मला. पक्षाघात झालेल्या माणसाने शर्ट घालताना अधू हात बाहीत आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. आपण शेजारी बसायचं, चुकलं तर खुणावायचं, आणि स्वतःचे हात आवरायचे. एवढी वर्षं शिकून हाती आलेलं सगळ्यात अवघड कौशल्य कोणतं, तर दुसऱ्याचं बटण न लावणं. ते विसरा. तुम्ही लावलंत तर पाच सेकंद लागतात. त्याने लावलं तर किती लागतील ते देव जाणे, आणि देवाला टाइमशीट भरायची नसते.

गणित सोपं आहे. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. प्रॉडक्टिव्हिटी ९० टक्के हवी असं वरून आलं (आणि येतं), की त्यातली ४३२ मिनिटं बिलात दिसली पाहिजेत. उरली ४८. या ४८ मिनिटांत प्रत्येक रुग्णाची नोंद लिहायची, एका वॉर्डातून दुसऱ्यात जायचं, दर वेळी हात धुवायचे, व्हीलचेअरचा कुणीतरी काढून ठेवलेला फूटरेस्ट शोधायचा, डॉक्टरांना गाठायचं, आणि "घरी नेल्यावर बाबांच्या आंघोळीचं कसं करायचं हो?" असं दारात अडवून विचारणाऱ्या मुलीला उत्तर द्यायचं. स्वतः बाथरूमला जायचं असेल तर तेही यातच. रुग्ण एक्स-रेला गेलेला निघाला किंवा त्याने "आज नको" म्हटलं, तर ते 'नको' तुमच्या खाती पडतं, त्याच्या नाही. म्हणून त्या मुलीला लांबून नमस्कार करा. तिचा प्रश्न हेच खरं तर तुमचं काम आहे, पण त्याला बिलात कोड नाही.

नोंदी रुग्णासमोरच उरका. त्यासाठी अशी कामं द्या की तुमची मान वर व्हायला नको. शंकू एकावर एक रचायला सांगा. पेगबोर्डात खुंट्या खोचायला सांगा, खोचून झाल्या की काढायला सांगा. जन्मात कधी कुणाला शंकू रचावे लागत नाहीत, रस्त्याची कामं करणारे सोडून, पण तो प्रश्न फक्त तुम्हालाच पडतो. त्याच्या समोर शंकू, तुमच्या समोर लॅपटॉप, आणि नोंदीत "अर्थपूर्ण कृतीत उत्तम सहभाग". सहभाग दोघांचाही असतो, फक्त वेगवेगळ्या गोष्टींत.

घड्याळाचं शास्त्र मात्र मन लावून शिका. अमेरिकेतल्या मेडिकेअरचा (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) नियम आदर्श म्हणून डोळ्यांसमोर ठेवा. तिथे वेळेवर मोजल्या जाणाऱ्या उपचाराचं एक युनिट १५ मिनिटांचं, पण ८ मिनिटं भरली की एक युनिट धरतात, २३ भरली की दोन. सात मिनिटांचं काहीच नाही. सातव्या मिनिटाला माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला, तरी हिशेबाच्या दृष्टीने तो अजून बसलेलाच आहे.

माणसाला उपचार किती लागतात, हा प्रश्नही फार मनाला लावून घेऊ नका. त्याच देशातल्या नर्सिंग सुविधांमध्ये बरीच वर्षं थेरपीच्या मिनिटांवर पैसे ठरत. आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सर्वात वरचा गट. त्या काळात आश्चर्यकारक संख्येने वृद्धांना ७२० मिनिटांची, किंवा त्याहून किंचितच जास्त, गरज असायची. १ ऑक्टोबर २०१९ पासून पद्धत बदलली, पैसे रुग्णाच्या स्थितीवरून ठरू लागले, मिनिटांवरून नाही. आणि काय सांगू, गरज ओसरली! मिनिटं घटली, थेरपिस्ट घरी बसले. एका तारखेने इतक्या लोकांना बरं करणारं औषध आजवर निघालं नव्हतं. यात मॅनेजरला दुष्ट समजू नका हं. बऱ्याचदा तोही एकेकाळी थेरपिस्टच असतो, त्यानेही कुणाच्या तरी बटणाची वाट पाहिलेली असते. त्याचा टक्का त्याच्या वरचा कुणीतरी बघत असतो, इतकंच.

आता ओळखीचं बघू. म्हणजे तुम्हाला ओळखतं कोण, ते.

मराठीत आपल्या कामाला 'व्यवसायोपचार' असा भारदस्त शब्द आहे. तो उच्चारून बघा. समोरचा चेहरा उजळेल, कारण त्याच्या भाच्याचा धंदा दोन वर्षं बसलाय आणि त्यावर काही उपचार असेल तर त्याला हवाच आहे. 'ओटी' म्हणालात तर तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये धाडतील. "म्हणजे फिजिओच ना?" असं विचारलं तर "हो" म्हणा. "फिजिओ, पण हातांचे" हे त्याहून सुटसुटीत. कमरेच्या खाली ते, वर आपण, ही वाटणी कुणी केली कळत नाही, पण शेजाऱ्यांच्या बांधासारखी सगळे पाळतात. खरं उत्तर द्यायला निदान चार मिनिटं लागतात आणि चार मिनिटांचं काहीच मिळत नाही, हे आपण वर पाहिलंच.

वर्षातून एकदा, २७ ऑक्टोबरला, जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिवस असतो. २०१० पासून पाळतात. त्या दिवशी तुमचा फलकासोबत फोटो निघेल. हसा, पण फोटो जेवणाच्या सुट्टीत काढून घ्या.

बाकी दिवशी कौतुकाची वाट पाहू नका, कारण ते होण्यासारखं आपलं काम नाही. फिजिओचा रुग्ण वॉकर सोडून व्हरांड्यात चार पावलं टाकतो, तेव्हा सिस्टर टाळ्या वाजवतात, नातेवाईक व्हिडिओ काढतात. तुमचा रुग्ण महिन्याभराने पहिल्यांदा एकटा संडासला जाऊन, नीट आवरून परत येतो. तिथे टाळ्या कोण वाजवणार? व्हिडिओचं तर नावच नको. तुमचं काम साधलं की ते केलं होतं हेच कुणाला दिसत नाही. माणसाने शर्ट घातलाय, त्यात काय बघायचं?

कधी उदास वाटलं तर इतिहास वाचतात काही जण. तेही टाळा. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जला जॉर्ज बार्टन नावाच्या आर्किटेक्टच्या घरी मूठभर माणसं जमली आणि अमेरिकेत या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. बार्टनला क्षय झाला होता, डावी बाजू लुळी पडली होती, आणि सुतारकाम नि बागकाम करत तो सावरला होता. आज तो तुमच्याकडे आला, तर बागेतला वेळ कोणत्या कोडखाली टाकणार? रोप धरेपर्यंत थांबणार? त्याला शंकू द्या.

एवढं सगळं पाळूनही जुनी खोड उचल खाते, म्हणून तोही प्रसंग सांगून ठेवते.

काका पलंगाच्या कडेला बसलेत. डावा हात बाहीत गेलाय, शर्ट खांद्यावर आलाय. रात्री झोप नाही, त्यामुळे आज ताकद कमी आहे. वरून तिसरं बटण. उजव्या अंगठ्यात आणि बोटात धरून काजाच्या तोंडाशी नेतात, ते आडवं होतं, सुटतं. परत. तुम्ही, सगळे सल्ले धाब्यावर बसवून, स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसलायत. घड्याळ नेमकं काकांच्या डोक्यामागच्या भिंतीवर आहे, त्यांच्याकडे पाहिलं की तेही दिसतं. बटण अर्धं आत शिरतं. काका श्वास रोखतात, पलीकडून नखाने ओढतात, आणि ते बाहेर येतं. ते काही बोलत नाहीत. बटणावरून दोनदा अंगठा फिरवतात. मग म्हणतात, "आज एवढंच."

सात मिनिटं झालीत.

आवाज होईल तितका गोड करा आणि म्हणा, "वा काका! आता तेवढं काढून पुन्हा एकदा लावता का?"