अजरामर व्हायचंय? आधी वह्या हरवा

संगीतकार म्हणून नाव मागे राहावं असं वाटणाऱ्या तमाम ताईंनो, चांगलं संगीत लिहायच्या भानगडीत पडू नका. वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. कित्ता गिरवायचाच असेल तर व्हिएन्नाच्या मारिया तेरेसिया फॉन पाराडिसचा गिरवा. जन्म 1759, मृत्यू 1824. तिची जी रचना आज जगभर वाजते, ती तिनं लिहिलेलीच नाही. यश म्हणतात ते हे.

सुरुवात घरापासून. वडील दरबारी नोकरीत असावेत आणि तुमचं नाव ऑस्ट्रियाच्या महाराणीचं, म्हणजे मारिया तेरेसियाचं, असावं. मग पुढची दोनशे वर्षं लोक महाराणीला तुमची धर्ममाता करून टाकतात. ती तशी नव्हती, पण खोडायला जाऊ नका. आपल्या नावावर नसलेलं खपवून घ्यायची सवय लवकर लागलेली बरी.

तान्हेपण सरतं न सरतं तोच दृष्टी गेली, तर टाळ्यांची सोय झालीच. मग तुम्ही कोझेलुख, सालिएरी अशा नामांकित संगीतकारांकडे जा, पहिल्याकडे पियानो आणि दुसऱ्याकडे गाणं शिका, साठावर कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत एका वादकानं वाजवायच्या मोठ्या रचना) पाठ करा. समोरचा श्रोता 'बिचारी!' म्हणतच टाळी देणार. बोटांत काय आहे ते त्याला ऐकू येईल अशी आशा धरू नका.

डॉक्टर मात्र गाजणारा निवडा. 1777 साली सतरा-अठरा वर्षांची पाराडिस फ्रान्झ मेस्मरकडे उपचाराला होती, तीही त्याच्या घरी राहून. हा गृहस्थ चुंबकाच्या जोरावर रोग बरे करत असे. तिला थोडं थोडं दिसू लागलं म्हणतात. वडिलांनी हरखून सगळं लिहून काढलं: माणसांची नाकं पाहून पोरीला हसू येतं आणि माणसापेक्षा कुत्रा तिला बरा दिसतो. (त्या सगळ्या प्रकरणातलं हे एकच निदान मला अचूक वाटतं.) पण दिसू लागलं तशी पियानोवर बोटं अडखळू लागली. शिवाय महाराणीकडून मिळणारं मानधन! डोळस मुलीला ते कोण चालू ठेवणार, अशी कुजबुज सुरू झाली. घरच्यांनी मुलगी परत मागितली. मेस्मरनं लिहून ठेवलंय की बाप तलवार उपसून आला आणि आईनं मुलीचं डोकं भिंतीवर आदळलं. दृष्टी पुन्हा गेली, मेस्मरनं पॅरिस गाठलं. तेव्हापासून पाराडिसवर लिहायला बसलेला प्रत्येक जण आधी या डॉक्टरवर शाई खर्च करतो. मी तरी वेगळं काय केलं?

लग्नाचं म्हणाल तर टाळा. पाराडिसनं टाळलं. त्याच व्हिएन्नात 1901 च्या डिसेंबरात संगीत लिहिणाऱ्या आल्मा शिंडलरला होणाऱ्या नवऱ्याचं, संगीतकार गुस्ताव मालरचं, वीसएक पानी पत्र आलं: घरात संगीत लिहिणारा एकच असेल, आणि तो मी. तिनं लग्न केलं, लिहिणं थांबवलं. इतकं साधं.

प्रवास करा, पण दुसऱ्यांच्या चरित्रात मावेल इतकाच. 1783 साली पाराडिस आईबरोबर युरोपभर निघाली. पॅरिसला तिचे चौदा कार्यक्रम झाले, पुढे लंडन झालं. मोत्सार्टनं तिच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिल्याचं त्याच्या वडिलांच्या पत्रात आहे. मग तो नेमका कोणता, यावर विद्वानांची पोटं भरतात. पॅरिसमध्ये व्हालांतँ आवी तिला भेटला आणि तिच्याकडे पाहून त्याला हुरूप आला. त्यानं अंध मुलांसाठी शाळा काढली, तिथेच पुढे अंधांची लिपी बनवणारा लुई ब्रेल शिकला. म्हणजे शाळा आवीची, लिपी ब्रेलची, कॉन्चेर्टो मोत्सार्टचा. तुमच्या वाट्याला प्रेरणा. ती जपून ठेवा, तिला मानधन नसतं.

एवढं करूनही लिहायची खोड जात नसेल, तर निदान हरवेल असं लिहा. योहान रीडिंगर या स्नेह्यानं तिला खुंट्यांचा लाकडी फळा करून दिला होता. त्यावर ती स्वर चाचपून मांडायची, मग कुणीतरी ते कागदावर उतरवायचं. अशा चिकाटीनं तिनं गाणी लिहिली, शोककंटाटा (कुणाच्या मृत्यूवर वाद्यांसह गायच्या रचना) लिहिल्या, ऑपेरे लिहिले. 1797 ला प्रागमध्ये एक ऑपेरा आपटला. 1808 ला तिनं व्हिएन्नात संगीतशाळा काढली आणि शिकवण्यात आयुष्य घातलं. बहुतेक हस्तलिखितं गेली ती गेलीच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनं तेरा दिवसांनी परत दिल्या होत्या. व्हिएन्नाच्या डॅन्यूब नदीला तसलं वळण नाही.

आता कळस. जागा रिकामी झाली की थांबा, मेल्यावरही थांबा. शंभरएक वर्षांनी सॅम्युएल डुश्किन नावाचा व्हायोलिनवादक येतो आणि तुमच्या नावानं 'सिसिलियेन' नावाची छोटी संथ रचना छापतो. आपल्याकडे स्वतःच्या अभंगाला 'तुका म्हणे' चिकटवणारे होते, त्यांच्याच पंथातला. मूळ हस्तलिखित कुणी पाहिलेलं नाही. सूर मात्र जर्मन संगीतकार वेबरच्या 1810 च्या व्हायोलिन सोनाटातल्या (व्हायोलिन-पियानोच्या रचनेतल्या) संथ भागाशी इतके जुळतात की वेबरनं कान टवकारावेत. पण नामवंत चेलोवादक जाक्लिन द्यु प्रेनं ती 'सिसिलियेन' चेलोवर वाजवून ठेवली, आणि 2018 साली विंडसरला हॅरी-मेगनच्या शाही लग्नात ती टीव्हीवरून जगभर गेली. नाव पाराडिसचं. स्त्री-संगीतकारांच्या कार्यक्रमांत तिच्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे बाईंच्या वाट्याची तेवढी पाच मिनिटं, तीही दोन पुरुषांनी मिळून भरलेली.

तिची स्वतःची, प्रवासात रचलेली बारा गाणी 1786 साली छापली गेली आणि ती हरवलेली नाहीत. तीच गायचा आग्रह एखाद्या आयोजकाकडे धरून पाहा. तो आधी नाव आठवेल, मग त्याचा चेहरा उजळेल, आणि तो विचारेल, "त्या 'सिसिलियेन'वाल्या का?"