स्टिमॅक, शनिवार आणि राहुकाळ

गेल्या शनिवारी सकाळी नऊला माझ्या पुतण्याची ट्रायल होती. पंधरा वर्षांचा आहे, राइट बॅक खेळतो. आदल्या रात्री बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यानं ते पडवीत वाळत ठेवले होते. सकाळी सातला पोरगा तयार. आणि बाप, म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा, गाडीची चावी मुठीत धरून साडेदहापर्यंत घरात बसून. का, तर शनिवारचा राहुकाळ, म्हणजे अशुभ मानलेली वेळ, नऊ ते साडेदहा. फोंड्याहून मैदान गाठेपर्यंत सव्वाअकरा वाजले. टेबलावरच्या माणसानं वही मिटली होती. "नोंदणी सोंपली पुता, आतां फुडल्या खेपेक यो."

दादा असा नव्हता. आजवर राहुकाळ बघून त्यानं कधी दुकानाचं शटर वर केलेलं मला आठवत नाही. रात्री त्यानंच मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, इंडियाचा कोचसुद्धा बघायचा."

हा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. वर तिरंगा, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: इगोर स्टिमॅक हा भारताचा सर्वांत यशस्वी फुटबॉल प्रशिक्षक. त्यानं इतिहासात प्रथमच आपल्याला जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात नेलं. कतारनं तो एक गोल चोरला नसता तर आपण विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीत होतो. तो तोंडावर खरं बोलायचा म्हणून जून 2024 मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशननं त्याला काही न सांगता हाकललं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: तो खेळाडूंच्या पत्रिका बघून संघ उतरवायचा म्हणून जिंकायचा, पेपरवाल्यांनी 2023 मध्ये ते फोडलं, पत्रिका बघणं बंद झालं आणि हार सुरू झाली. पालकांनो, ट्रायलला पाठवण्याआधी मुलाची पत्रिका आणि वेळ दाखवून घ्या.

मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी कोणाचं पोर घरी बसवलं नाही.

पत्रिकेची बातमी खरी आहे. 'इंडियन एक्स्प्रेस'नं ती सप्टेंबर 2023 मध्ये छापली होती. मेसेज लिहिणाऱ्यानं मथळ्यापलीकडे वाचलेलं दिसत नाही, म्हणून आत काय होतं ते सांगतो. जून 2022 मध्ये आशियाई चषकाच्या पात्रतेचे सामने कोलकात्यात होते. 11 जूनला गाठ अफगाणिस्तानशी. दोन दिवस आधी स्टिमॅकनं अकरा नावं एका ज्योतिषाला मोबाइलवरून पाठवली. प्रत्येक नावापुढे शेरा आला. कोणाला दिवस चांगला, कोणी अतिआत्मविश्वास टाळावा, कोणाला त्या दिवशी खेळवू नये. सामन्याआधी संघ जाहीर झाला तेव्हा, बातमीनुसार, ज्यांचे ग्रह ठीक नव्हते असे फॉर्मात असलेले दोघे पहिल्या अकरात नव्हते. या ज्योतिषाशी गाठ घालून दिली होती फेडरेशनच्याच तेव्हाच्या सरचिटणीसांनी, आणि दोन महिन्यांच्या सेवेचे 12 ते 15 लाख रुपये फेडरेशननं मोजल्याचंही त्यात आहे. तेवढ्या पैशांत गोलजाळी, बॉल आणि कोपऱ्याची निशाणं किती येतील याचा हिशेब ज्यानं गावात एखादी आंतरवाडा स्पर्धा भरवली आहे त्यानं करावा.

आता म्हणे, पत्रिका बघितली म्हणून जिंकलो. तो सामना 2-1 जिंकला हे खरं. पण कसा? 86व्या मिनिटापर्यंत गोलच नाही. मग कर्णधार सुनील छेत्रीची फ्री किक, दोन मिनिटांत अफगाणिस्तानची बरोबरी, आणि भरपाई वेळेत सहल अब्दुल समदचा गोल. सहल बाकावरून आला होता! ग्रहांनी पास केलेल्या अकरा जणांना दीड तास लागला आणि शेवटी काम केलं बदली आलेल्या पोरानं. उरलेले दोन सामने कंबोडियाशी 2-0 आणि हाँगकाँगशी 4-0. तिन्ही संघ क्रमवारीत आपल्या खाली, मैदान आपलं, प्रेक्षक आपले. यात शनी-मंगळाला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

तारखा लावून बघितल्या तर हा दावा आणखीच ढेपाळतो. ज्योतिषी आला मे 2022 मध्ये. त्याआधी, ऑक्टोबर 2021 मध्ये, मालदीवमध्ये नेपाळला 3-0 हरवून स्टिमॅकच्या संघानं सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, जिंकला होता. तेव्हा कुठली पत्रिका? बातमी फुटली सप्टेंबर 2023 मध्ये. त्यानंतर 16 नोव्हेंबरला आपण कुवेतमध्ये जाऊन कुवेतला 1-0 हरवलं, मनवीरचा गोल. मेसेजप्रमाणे तेव्हा हार सुरू झालेली असायला हवी होती. मग जानेवारी 2024 मध्ये आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिघांकडून हरलो आणि एकही गोल करता आला नाही, हे खरंच. पण त्या तीन संघांची नावं वाचल्यावर कारण शोधायला पंचांग उघडावं लागत नाही.

आणि राहुकाळाचं तर मला हसूच येतं, म्हणजे शनिवारी आलं नाही, आज येतंय. दोन्ही संघांसाठी शिट्टी एकाच वेळी वाजते. राहुकाळ असला तर दोघांनाही असतो, आणि तरी एक जिंकतोच. त्या शनिवारी नऊच्या ठोक्याला जी पोरं मैदानात उतरली त्यांच्यापैकी काही निवडली गेलीच. त्यांचा राहू काय सुट्टीवर होता?

मला राहून राहून आठवतात ते कोलकात्यातले दोघे. वर्षभर घाम गाळून फॉर्म मिळवलेला, आणि नावापुढे कोणीतरी न बघितलेल्या माणसानं फोनवर दोन शब्द टाइप केलेले. त्यांना त्या दिवशी काय कारण सांगितलं असेल? माझ्या पुतण्याला निदान कारण ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर बूट मांडीवर घेऊन बसला होता आणि फर्मागुडीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

बरं, कतारचा गोल. इथे मला अर्धं मान्य करावं लागतं, आणि नाखुशीनं करतो. 11 जून 2024, दोहा. छांगतेच्या गोलनं आपण 1-0 पुढे. 73व्या मिनिटाला आपला गोलरक्षक गुरप्रीतनं हेडर अडवला, चेंडू गोलरेषेच्या बाजूनं सरळ बाहेर गेला, आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूनं तो बाहेरून पायानं आत ओढला आणि एमेननं जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. आमच्या घरी त्या रात्री टीव्हीसमोर ज्या शिव्या निघाल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. ती चोरीच होती, आणि 1-0 टिकलं असतं तर आपण पुढे गेलो असतो हेही खरं.

पण 85व्या मिनिटाचा दुसरा गोल? तो नियमातच बसणारा होता. आणि दोह्याला जाऊन जीव टांगणीला लावायची वेळ का आली, हे मेसेज सांगत नाही. कागद-पेन्सिल घ्या. 26 मार्चला गुवाहाटीत अफगाणिस्तान आला होता, त्यांचे कितीतरी प्रमुख खेळाडू स्वतःच्याच फेडरेशनवर बहिष्कार टाकून घरी बसलेले. छेत्रीचा दीडशेवा सामना, त्याच्याच पेनल्टीनं आपण 1-0 पुढे. 70व्या मिनिटाला बरोबरी, 88व्या मिनिटाला त्यांची पेनल्टी, 1-2. तो सामना जिंकला असता तर आपले एकूण आठ गुण होतात. गटातले पहिले दोन पुढे जाणार होते, आणि कुवेत शेवटी सातवर थांबला. म्हणजे दोह्यात चोरी झाली काय आणि दरोडा पडला काय, आपण दुसऱ्या क्रमांकावर असतो. कतारच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. गुवाहाटीत व्हीएआरची गरजच पडली नव्हती.

पहिल्या शंभराचं एका दमात उरकतो. फेब्रुवारी 1996 मध्ये आपण 94व्या क्रमांकावर होतो, 2017 मध्ये आधीचा प्रशिक्षक कॉन्स्टंटाइनच्या काळात 96व्या. स्टिमॅकनं जुलै 2023 मध्ये 99 गाठलं. "प्रथमच" कुठून आलं? 101 वर संघ हातात घेतला आणि 121 वर सोडला, हेही त्याच खात्यात लिहा. शिवाय तो 99 आला बंगळुरूच्या सॅफ चषकानंतर. त्या स्पर्धेत पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातातला चेंडू थ्रो-इनच्या वेळी पाडून स्टिमॅकनं एक लाल कार्ड घेतलं, मग कुवेतविरुद्ध दुसरं. उपांत्य सामन्यात लेबनॉन आणि अंतिम सामन्यात कुवेत, दोन्ही पेनल्टींवर जिंकले तेव्हा डगआउटमध्ये उभा होता सहायक प्रशिक्षक, आपला महेश गवळी. गोंयकारांनी तरी हे विसरू नये. गवळीच्या पत्रिकेचं कोणी विचारलेलं नाही.

राहिलं बोलणं. स्टिमॅक बोलायचा, भरपूर बोलायचा, आणि कधी कधी त्याचा उपयोगही झाला. जुलै 2023 मध्ये आशियाई खेळांना फुटबॉल संघ पाठवायचा नाही असं ठरत होतं, कारण आशियातल्या पहिल्या आठात आपण नव्हतो. त्यानं थेट पंतप्रधानांना उघडं पत्र लिहिलं, आणि संघ गेला. कबूल. क्लब खेळाडू सोडत नाहीत, शिबिरं लांब हवीत, हे तो घसा कोरडा करून सांगत होता. तेही चूक नव्हतं. फेडरेशन तर काय धुतल्या तांदळासारखी नाहीच. ज्योतिषाचे पैसे कोणी भरले ते वर आलंच आहे.

पण ज्याच्या तोंडावर एवढा विश्वास टाकता, त्याच्या तोंडचं सगळंच ऐका ना. मार्च 2024 मध्ये, अफगाणिस्तानशी सामने व्हायच्या आधी, स्टिमॅकनं स्वतःच जाहीर सांगितलं होतं की तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन. ही अट कोणी त्याच्या गळ्यात मारली नव्हती. तिसरी फेरी हुकली आणि तो गेला नाही. मग 17 जूनला फेडरेशननं करार तोडला, जो 2026 पर्यंत होता. याला "काही न सांगता" म्हणायचं तर सांगितलं होतं त्यानंच. त्यानंतर त्यानं ऑनलाइन पत्रकार परिषद घेऊन फेडरेशनच्या अध्यक्षांना झोडपलं, अध्यक्ष जितक्या लवकर जातील तितकं भारतीय फुटबॉलचं भलं म्हणाला, आणि उरलेल्या पैशांचं प्रकरण पुढे चार लाख डॉलरवर मिटल्याच्या बातम्या आल्या. खरं बोलण्याची शिक्षा म्हणून एवढी रक्कम मिळत असेल तर आम्हीही उद्यापासून खरं बोलू.

मला विचाराल तर माणूस वाईट नव्हता. त्याच्या तोंडाला आणि त्याच्या गोलफळ्याला एकमेकांची ओळख नव्हती, एवढंच. जिंकल्यावर बोललेलं खपतं. गुवाहाटीनंतरही तो तसाच बोलत राहिला, तेव्हा छेत्रीसाठी जीव टाकणारे आमच्याकडचे लोकही म्हणायला लागले, बाबा, आता खेळाचं बोल.

त्याच्या जागी आलेल्यांनी मोठे दिवे लावले, असंही मी म्हणणार नाही. मानोलो मार्केझ एफसी गोवाचं काम सांभाळून भारताचाही प्रशिक्षक झाला, आठ सामन्यांत एक विजय. मग खालिद जमील. 14 ऑक्टोबर 2025 ला फातोर्ड्याला भारत-सिंगापूर सामन्याला मी, दादा आणि पुतण्या, तिघंही होतो. निघताना दादानं देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. 14व्या मिनिटाला छांगतेनं मारला तेव्हा दादानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं. सिंगापूर 2-1 नं जिंकला आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. बाहेर पडताना पुतण्या म्हणाला, "पप्पा, दोन्ही गोलांना आपला डिफेन्स झोपला होता." पंधरा वर्षांच्या राइट बॅकला दिसलं. तोच बाप आता कॅलेंडरात राहू शोधतोय.

काल संध्याकाळी हे सगळं, गुवाहाटीच्या आठ गुणांसकट, मी दादाला त्याच्या दुकानात बसून सांगितलं. तो गिऱ्हाइकाला सुटे मोजून देत ऐकत होता. मग म्हणाला, "पुढली ट्रायल कधी?"

"रविवारी. दुपारी तीनला."

"आणि संपणार कितीला?"

"का रे?"

"काही नाही. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो."

मी चावी मागून घेतली आहे. गाडी मी चालवणार.