ताई, ती पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर आहेत

ताई, नमस्कार. बीपी बघण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्यावं, या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही लिहिलंत, "आमच्या ओपीडीत सकाळी दोनशे केसपेपर आणि सिस्टर मी एकटी. असं बसवत गेले तर रात्र होईल." तुमचा राग रास्त आहे. लेखात मी गर्दीचं नावही काढलं नव्हतं, ती चूक माझी.

पण पाच मिनिटांचं म्हणणं मी सोडत नाही. पेशंट बाहेर बाकावर तास-दीड तास बसलेलाच असतो. नाव पुकारलं की पिशवी सावरत लगबगीने आत येतो, बिनपाठीच्या स्टुलावर टेकतो न टेकतो तोच आपण पट्टा गुंडाळतो, वर "गोळ्या चालू आहेत ना?" हेही तेव्हाच विचारतो. झालेली विश्रांती आपणच घालवतो. म्हणून मी बीपीचं मशीन आणि पाठीची एक खुर्ची बाहेर बाकाशेजारी नेली, हात टेकायला छातीच्या उंचीचं टेबल ठेवलं. पुढचा नंबर आधीच त्या खुर्चीत बसलेला असतो. पाय जमिनीवर, बोलायचं नाही, एवढंच सांगावं लागतं.

हात कुठे ठेवला याने "दोन पॉइंटचा फरक" पडतो, असं तुम्ही म्हणता. २०२४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३३ जणांवर हेच तपासलं. हात मांडीवर असताना वरचं बीपी सरासरी ४ ने जास्त आलं, बाजूला लोंबता असताना साडेसहाने. म्हणजे हात लोंबता असला तर खरं १३५ असलेला माणूस १४० च्या, हाय बीपीच्या रेषेच्या, पलीकडे जातो, आणि त्या आकड्यावर सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षं चालते. पट्ट्याचं तर याहून वाईट. सगळ्यांत मोठा पट्टा लागणाऱ्या दंडाला नेहमीचा बांधला, तर वरचं बीपी जवळपास २० ने जास्त दिसतं, हे तिथलंच २०२३ चं संशोधन. मोठा पट्टा मागवणं तुमच्या हातात नाही, मान्य. मग निदान केसपेपरवर "पट्टा लहान" एवढं लिहा, डॉक्टर गोळी लिहिताना थबकतील.

श्वासांबाबत मात्र तुमचं खरं आहे, दोनशे जणांचे मिनिटभर मोजणं जमणार नाही. ताप-खोकला, दम असलेल्यांचे तेवढे मोजा. नाडीवरची बोटं तशीच ठेवून छातीकडे बघा, कारण मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. बाकीच्यांच्या श्वासांच्या रकान्यात न मोजता सवयीने १८ लिहू नका, तो रिकामा राहू दे.