व्हिएन्नाचा दाखला देण्याआधी

महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा विषय निघाला की कुणीतरी युरोपाचा दाखला देतंच: तिकडे संशोधकाला रीतसर नोकरी असते म्हणे. जर्मन घेऊन एम.ए. झालेल्या आणि ऑस्ट्रियन साहित्यात संशोधन करू पाहणाऱ्यांनी तो दाखला निम्माच खरा मानावा.

खरा भाग पीएच.डी.पुरता. ऑस्ट्रियन विद्यापीठात 'प्रे-डॉक', म्हणजे पीएच.डी. करणाऱ्याचं पद, ही चक्क नोकरी असते. रीतसर जाहिरात निघते. करार बहुधा चार वर्षांचा, आठवड्याला साधारण 30 तास, वर्षाला 14 पगार, आरोग्यविमा. शिकवणं असतंच, पण प्रबंधाचा वेळही कामाच्या तासांतच धरलेला. आपल्याकडे जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) हुकली की घरच्यांचा आधार, नाहीतर तासिका. मागायचंच असेल तर हे मागावं.

पीएच.डी.नंतरचं मात्र मागू नये. ऑक्टोबर 2021 पासून ऑस्ट्रियात एकाच विद्यापीठातल्या मुदतीच्या करारांची बेरीज आठ वर्षांपुढे जात नाही, पीएच.डी.ची चार वर्षं तेवढी वगळतात. लोकांना कायम करावं म्हणून हा नियम, पण विद्यापीठाला सोपं पडतं ते करार न वाढवणं. जर्मनीत मुदतीच्या करारांची मर्यादा पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षं. त्यावरून 2021 मध्ये तिथल्या संशोधकांनी 'इश बिन हाना' ('मी हाना', हाना ही सरकारी चित्रफितीतली काल्पनिक संशोधिका) म्हणत समाजमाध्यमं दणाणून सोडली. चाळिशीत, हाबिलिटात्सिओन (प्राध्यापकपदासाठीची पीएच.डी.नंतरची पात्रता) पदरी असूनही, नोकरी नसलेले विद्वान या देशांत नवलाचे नाहीत.

घड्याळ असं चालू असताना विषयाची निवड आवडीवर सोडणं परवडत नाही. काफ्काची हस्तलिखितं ऑक्सफर्ड, जर्मनीतलं मारबाख आणि जेरुसलेममध्ये विखुरलेली. शिवाय त्या काळातली पत्रं बरेचदा कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत, जिथे 'ए' (e) आणि 'एन' (n) जवळपास सारखेच दिसतात. मोडी वाचणाऱ्यांना हा छळ ओळखीचा वाटेल. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये घडलेलं ट्रान्सक्रिबुस हे हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर मदतीला येतं, पण एखाद्या हस्ताक्षरासाठी त्याला शिकवायचं तर आधी 5,000 ते 15,000 शब्द स्वतः अचूक उतरवावे लागतात.

प्रकाशनाच्या हक्कांचंही पाहावं; लेखक गेल्यावर ते 70 वर्षं टिकतात. ऑस्ट्रियन कादंबरीकार योझेफ रोट 1939 मध्ये गेले, त्यांची छापील पुस्तकं हक्कांतून मोकळी आहेत. कवयित्री इंगेबोर्ग बाखमान 1973 मध्ये गेल्या, म्हणजे 2043 अखेरपर्यंत हक्क वारसांकडे. अप्रकाशित पत्र वाचनालयात बसून वाचायला मिळालं म्हणजे छापायला मिळालं असं नव्हे. परवानगीचा अर्ज पहिल्याच वर्षी करावा; चौथ्या वर्षी नकार आला तर अख्खं प्रकरण गाळावं लागतं, आणि करार तेवढ्यासाठी थांबत नाही.