‘१०० चे पैसे, १२ चा वेग’: फिरत्या संदेशातील चुका

घरच्या इंटरनेटबद्दलचा एक संदेश सध्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचा आशय असा: तुम्ही १०० एमबीपीएसचे पैसे भरता, पण फाइल उतरवताना वेग १२ च दिसतो, म्हणजे उरलेले ८८ कंपनी खाते, खात्री करायची तर मोबाइलवर स्पीड टेस्ट करा, डीएनएस बदला, वेग दुप्पट होईल, आणि तरीही फरक पडला नाही तर थेट ट्राय या दूरसंचार नियामकाकडे तक्रार करा. कंपन्यांवरचा राग पुष्कळदा रास्त असतो. म्हणूनच हा संदेश मला घातक वाटतो, कारण चुकीच्या मोजमापावर उभी केलेली तक्रार पहिल्याच फोनवर निकालात निघते आणि खरा दोष मात्र तसाच राहतो.

आधी १२ चा हिशेब पाहू. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर फाइल उतरवणारा ब्राउझर तो बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० ला ८ ने भागले की १२.५ येतात. रोमन लिपीत या दोन एककांत ‘बी’ हे अक्षर लहान की मोठे एवढाच फरक असतो, आणि आपण देवनागरीत ‘एमबीपीएस’ लिहितो तेव्हा तोही पुसला जातो. गोंधळाचे मूळ इथेच आहे. माहिती वायरमधून छोट्या पाकिटांत विभागून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि क्रमांक यांचाही भार असतो. तो वजा जाता १०० च्या जोडणीवर स्पीड टेस्टमध्ये साधारण ९४-९५ आणि ब्राउझरमध्ये पावणेबारा-बारा दिसणे हे जोडणी निर्दोष असल्याचे लक्षण आहे.

मोबाइलवरच्या चाचणीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. वायफायवर केलेली चाचणी कंपनीची जोडणी आणि घरातला हवेतला प्रवास या दोन्हींची मिळून असते. वायफायच्या रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. दाटीवाटीच्या इमारतीत ती शेजाऱ्यांच्या राउटरांमध्ये वाटली जातात. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर दमतो.

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीने हाच संदेश मला पाठवला होता. “अरे, दोनशेचे पैसे घेतात आणि येतात अठ्ठावीस,” असे तिचे म्हणणे होते. तिने चाचणी केली होती ती आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे. राउटरच्या शेजारी उभे राहून ५ गिगाहर्ट्‌झवर मोजले तेव्हा आकडा ९२ वर गेला, आणि लॅपटॉपला वायर जोडल्यावर ९४ वर जाऊन तिथेच थांबला. सकाळी ९४, रात्रीही ९४. गर्दीमुळे घटलेला वेग असा एका आकड्यावर चिकटून राहत नाही. हा १०० च्या मर्यादेत अडकलेल्या जोडणीचा आकडा होता. फायबरचा डबा आणि राउटर यांना जोडणाऱ्या छोट्या वायरची पारदर्शक क्लिप उजेडात धरून पाहिली, तर आठऐवजी चारच रंगीत तारा बसवलेल्या होत्या. चार तारांवर १०० मेगाबिटच चालतात. गिगाबिटसाठी आठही लागतात. म्हणजे दोष होताच, आणि तो जोडणी बसवणाऱ्याचाच होता, पण संदेशात सांगितलेल्या चाचणीने तो कधीच सापडला नसता.

डीएनएसबद्दलचा दावा थोडक्यात निकाली काढता येतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा. ती संथ असेल तर पान उघडायला सुरुवातीला क्षणभर उशीर होतो. मात्र पत्ता मिळाल्यानंतर फाइल ज्या वेगाने येते त्यावर तिचा हात नसतो.

संदेशात जे मुळीच नाही, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. स्पीड टेस्ट सहसा जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. त्यामुळे तिथे पूर्ण वेग दिसूनही परदेशातील सर्व्हरवरचे काम रखडू शकते. व्हिडिओ कॉल तुटतो तेव्हा डाउनलोडपेक्षा अपलोड आणि लेटन्सी, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ, पाहावी, तीही घरात दुसरे कोणी मोठी फाइल चढवत असताना. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानते, तेव्हा २०० च्या प्लॅनवर चित्र अडकत असेल तर कारण बहुधा एकूण वेगाच्या पलीकडे असते.

राहिली ट्रायकडे तक्रार. ट्राय ही नियामक संस्था आहे आणि ती वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो, समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘ब्रॉडबँड’ची किमान व्याख्या जानेवारी २०२३ पासून अवघी २ एमबीपीएस आहे, त्यामुळे तक्रारीला आधार घ्यायचा तो व्याख्येचा नव्हे, तर आपल्या प्लॅनच्या लेखी अटींचा.

मावशीच्या तक्रारीत आम्ही तेवढेच लिहिले: प्लॅन २०० चा, वायरवर सकाळी ९४, रात्री ९४, आणि सोबत त्या क्लिपचा फोटो. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आठ तारांची वायर घेऊन आला.